'दमन' की 'दडपणे'?

प्रश्न : मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या 'रिप्रेशन'ला (नकोशी गोष्ट नकळत मनाबाहेर ठेवणं) मराठीत 'दमन' म्हणतात. 'सप्रेशन'साठीही काही अनुवादांत दमनच येतं, काहींत दडपणे. फरक कसा दाखवावा?

उत्तर : फरक जाणिवेचा आहे. 'पेपर संपेपर्यंत त्या भांडणाचा विचार नको' असं ठरवणं म्हणजे सप्रेशन. पेपर संपला की तो विचार पुन्हा हाताशी असतो. रिप्रेशनमध्ये मात्र विचारलं तरी आठवत नाही. आठवण कुठे बोलण्यातल्या चुकीतून, कुठे स्वप्नातून डोकावते, तेवढीच.

'दमन' इथेच अडतो. इंद्रियदमन, शम-दम यांतला दम म्हणजे जाणूनबुजून घातलेला आवर. 'त्याने रागाचं दमन केलं' वाचून डोळ्यांपुढे संयमी माणूस येतो. फ्रॉइड ज्याच्याबद्दल बोलतो त्याला आपण रागावलो आहोत याचाच पत्ता नसतो! ही गल्लत महागात पडते, कारण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांच्या वर्गवारीत सप्रेशन हे विनोद आणि परोपकाराच्या जोडीने परिपक्व बचावांत, म्हणजे ताण झेलण्याच्या मनाच्या निरोगी पद्धतींत बसतं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर निरोगी सवयही विकार वाटू लागते.

उत्तर : जर्मन मुळाकडे पाहा. रिप्रेशनसाठी फ्रॉइडचा शब्द 'फेअरड्रेंगुंग', म्हणजे रेटून बाजूला घालवणं. सप्रेशनच्या मुळाशी 'उंटरड्र्युकुंग' आहे, म्हणजे खाली दाबणं. तेव्हा दडपणे सप्रेशनलाच द्यावं. रिप्रेशनला 'मनाआड होणे' चालेल का?

उत्तर : 'होणे' नको. दुकानात छत्री विसरली, तीही मनाआडच झाली. रिप्रेशनमागे कारण असतं. 1926 च्या ग्रंथात फ्रॉइडने आपलं आधीचं मत उलटं केलं: दमनातून चिंता निर्माण होत नाही, तर चिंता ही धोक्याची सूचना असते आणि ती मिळाल्यावर अहं, म्हणजे मनाचा वास्तवाशी जुळवून घेणारा भाग, बचावाला लागतो. म्हणून मी 'मनाआड सारलं जाणे' लिहीन. कर्मणी प्रयोगात कर्ता असतो, पण समोर येत नाही, आणि इथे नेमकं तेच घडतं. पारख सोपी आहे, आज्ञार्थ करून पाहा. 'आत्ता दडपून टाक, नंतर बघू' असं सांगता येतं. 'मनाआड सारलं जा' असं कुणालाच सांगता येत नाही.

परीक्षेच्या उत्तरात मात्र 'दमन'च लिहावं, कंसात 'अबोध' जोडून.

उपप्रश्न : मनाचे इतर बचाव समजावताना म्हणींचा उपयोग होईल?

उत्तर : जपून. 'वड्याचं तेल वांग्यावर' विस्थापनाला चपखल बसते: साहेबांवरचा राग घरी मुलांवर निघतो, भावना तीच, लक्ष्य तेवढं बिनधोक. प्रक्षेपणासाठी 'चोराच्या मनात चांदणं' देतात, ते चूक. चोराला आपली चोरी ठाऊक असते. प्रक्षेपण करणाऱ्याला स्वतःचा द्वेष दिसतच नाही, त्याला तो समोरच्याच्या डोळ्यांत दिसतो.