शब्द हवा आहे: खोटे कागद करून मुलं वाचवणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

मी शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या वाचनपेटीसाठी आदोल्फो कामिन्स्की यांच्यावर दोन पानांचं टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत अडले आहे. 'कामिन्स्की हे ... होते.' या टिंबांच्या जागी काय लिहू? इंग्रजीत फोर्जर, फ्रेंचमध्ये फोसेर. मराठीत जे सुचतं ते सगळं पोलीस चौकीतून उठून आल्यासारखं वाटतं.

आधी माणूस सांगते, म्हणजे अडचण कळेल. जन्म १९२५ चा, ब्युनोस आयर्सचा. घर रशियातून आलेल्या ज्यूंचं. पुढे कुटुंब फ्रान्सला आलं आणि नॉर्मंडीतल्या वीर गावी राहिलं. पोरगा एका रंगाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि कुठला डाग कशाने जातो याचं त्याला वेड लागलं. दुग्धशाळेत साय तपासायला मिथिलिन ब्लू वापरतात आणि सायीतल्या लॅक्टिक आम्लाने तो निळा रंग विरतो, हेही त्याने तिथेच पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता आणि ज्यूंची धरपकड चालली होती. १९४३ मध्ये सगळं घर पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत गेलं. तिथून आउशवित्झला, नाझींच्या मृत्युछावणीकडे, गाड्या सुटत. अर्जेंटिनाचं नागरिकत्व होतं म्हणून हे लोक बाहेर आले. आता जगायचं तर दुसऱ्या नावाचे कागद हवेत, म्हणून वडिलांनी त्याला भूमिगत गटाच्या एका माणसाकडे धाडलं. त्या माणसाचं टोपणनाव 'पेंग्विन'. काय काम करतोस? रंगारी. डाग काढता येतात? येतात. वॉटरमनची निळी शाई काही केल्या जात नाही. लॅक्टिक आम्लाने जाईल. आणि गेली.

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पॅरिसच्या र्यू दे सँ-पेरवर १७ क्रमांकाच्या घरात, चित्रकारांची खोली आहे असं भासवून, गटातल्या चार-पाच तरुण मुलामुलींनी कागद करण्याचं काम चालवलं. त्याचं स्वतःचं कागदावरचं नाव झालं झ्युलियँ केलेर. एकदा तीन दिवसांत तीनशे मुलांचे कागद हवे होते: जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, रेशनकार्डं, मिळून नऊशेच्या वर. तासाला तीस कागद होतात, म्हणजे मी तासभर झोपलो तर तीस जण मरतील, असा त्यांचा हिशेब होता. कामिन्स्की ९ जानेवारी २०२३ रोजी सत्त्याण्णवाव्या वर्षी पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या गटाच्या कागदांवर सुमारे चौदा हजार माणसं वाचली असावीत, असा अंदाज सांगितला जातो.

या माणसाला मी भामटा म्हणू? ठक? चारसोबीस? कोणाकडे बरा शब्द असेल तर सांगा.

प्रतिसाद, एका निवृत्त अभिलेखपालांचा:

बाई, माझी सगळी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, म्हणून एक गंमतीदार वाटेल पण खरी गोष्ट सांगतो. आमच्याकडे 'नक्कल' हा शब्द अतिशय इभ्रतीचा. लोक फेरफाराची नक्कल मागायला येत, नक्कल फी भरत, आणि आम्ही त्यावर 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शेरा मारून सही-शिक्का करत असू. त्या नकलेवर कोर्टात जमिनीचे दावे चालत. त्याच शब्दाला शेवटी ईकार लागला की 'नकली', आणि ती तुरुंगाची वाट. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उतरवून घेणं, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. खोटेपणा त्यात मुळात नाही, तो मागाहून आला. तेव्हा 'नक्कलकार' म्हणा, असं सुचवणार होतो, पण आज नक्कलकार म्हटलं की स्टेजवर नटांचे आवाज काढणारा डोळ्यासमोर येतो. तो शब्द गेला. तुम्हाला कागदाकडे बघूनच शब्द शोधावा लागेल, माणसाकडे बघून नव्हे, असं मला वाटतं.

माझं उत्तर:

काका, शेवटचं वाक्य मनात घर करून राहिलं. खरंच, त्या काळी फ्रान्समध्ये माणूस कागदाने ठरत होता. पॅरिसकडच्या भागात १९४० पासूनच ज्यूंच्या ओळखपत्रावर लाल शाईत 'ज्यू' असा शिक्का पडू लागला होता. ११ डिसेंबर १९४२ च्या कायद्याने तो दक्षिणेतही ओळखपत्रावर आणि रेशनकार्डावर सक्तीचा झाला. म्हणजे दुकानात पाव घ्यायला गेलेल्या बाईलाही तो दाखवायचा. रेशनकार्डाला वयाप्रमाणे वर्ग असत. तेरा ते एकवीस वयाच्या मुलांचा वर्ग होता 'जे-३', आणि फ्रेंच बोलीत त्या वयाच्या पोरांना 'जे-३' असंच म्हणू लागले. कार्डावरचं अक्षर बोलीत उतरलं! लपवलेल्या मुलाचं वय खोटं लावायचं तर कार्डाचा वर्गही बदलायचा, नाहीतर दाखला म्हणेल एक आणि कार्ड दुसरंच. एका मुलामागे तीन-तीन कागद लागत ते यासाठी.

पुढे मूकाभिनयासाठी जगभर गाजलेले मार्सेल मार्सो नेमकं हेच करत. स्ट्रासबूर्गचा हा मुलगा मुळात मार्सेल मांजेल. चित्रं काढायची आवड. शाई आणि खडूने ओळखपत्रावर हात फिरवून मुलांची वयं कमी दाखवायची, असं त्यांचं काम. पुढे मुलांना स्विस सरहद्दीकडे नेण्यातही ते होते. 'मार्सो' हे आडनाव त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतल्या एका सेनापतीवरून घेतलं ते लपण्यासाठी, आणि जन्मभर तेच ठेवलं. आता त्या नावाला खोटं म्हणायचं का?

प्रतिसाद, वकिली करणाऱ्या एका वाचकाचा:

कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'बनावटीकरण'. पण ताई, तुमच्या उपयोगाची गोष्ट त्याच्या व्याख्येत आहे. भारतीय दंड संहितेत कलम ४६३ आणि ४६४ वेगवेगळी होती. आता न्याय संहितेत ती ३३६ आणि ३३५. खोटा दस्तऐवज तयार करणं ही एक गोष्ट, आणि कोणाचं नुकसान करण्याच्या, खोटा हक्क सांगण्याच्या किंवा कपट करण्याच्या इराद्याने तो तयार करणं, म्हणजे बनावटीकरण. इरादा लागतो. १८६० साली लिहिणाऱ्यांना कागद आणि हेतू वेगळे ठेवावेसे वाटले, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. ही मुलं वाचवणारे लोक कोर्टात सुटले असते असं मी म्हणत नाही; जे सरकार मुलांना गाड्यांत भरत होतं त्याच्या कोर्टाबद्दल काय बोलायचं! फक्त शब्द निवडताना 'बनावटीकरण' टाळा. त्यात इराद्याचा आरोप आधीच बसलेला आहे.

प्रतिसाद, संस्कृतच्या एका निवृत्त शिक्षिकेचा:

जुना शब्द 'कूट'. कूटसाक्षी, कूटतुला, कूटशासन. मनुस्मृतीत कूटशासन करणाऱ्याला, म्हणजे राजाची खोटी आज्ञापत्रं लिहिणाऱ्याला, देहदंड सांगितला आहे. मराठीत कूटप्रश्न आणि कूटनीती तेवढे उरले. 'कूटलेखक' हा शब्द घडवता येईल, पण नववीतल्या मुलाला तो कोडी घालणारा वाटेल.

मात्र मला शब्दापेक्षा कर्णपर्वातला कौशिक आठवला. सत्यच बोलेन असं व्रत घेतलेला तो तपस्वी. चोरांच्या भीतीने पळणारी माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या वनात लपली. चोरांनी विचारलं, त्याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. हे कृष्ण अर्जुनाला सांगतो. मुली, तुझ्या टिपणात हा कौशिक घाल. आपल्या मुलांना 'खरं बोलावं' इतकंच शिकवलेलं असतं.

माझं उत्तर:

बाई, नमस्कार. कौशिक घालणार. तुमच्या पत्राने मला ल शाँबों-स्युर-लिन्यों या डोंगरातल्या गावाचे पाद्री आंद्रे त्रोक्मे आठवले. तिथल्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी कितीतरी ज्यू मुलं घरांत ठेवली. १९४२ च्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांनी ज्यूंची यादी मागितली, तेव्हा ज्यू म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, मी माणसं ओळखतो, असं त्रोक्मेंनी सांगितलं. मात्र स्वतः खोटं बोलणं त्यांना फार जड जाई. भूमिगत असताना त्यांच्याजवळ 'बेगे' नावाचं ओळखपत्र होतं. लिआँच्या स्टेशनावर ते लहान मुलासह पोलिसांच्या हाती लागले, तेव्हा नाव विचारलं तर खरंच सांगायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं. विचारायच्या आधीच ते गर्दीतून निसटले.

आणि त्याच गावात ओस्कार रोझोव्स्की नावाचा तरुण रात्री बसून कागद करत होता. नीसमध्ये तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. सरकारी कचेरीतली यंत्रं साफ करताना शिक्के आणि कोरे फॉर्म कसे दिसतात ते त्याने पाहून घेतलं होतं. त्याने पहिले कागद केले ते छावणीत अडकलेल्या स्वतःच्या आईला सोडवण्यासाठी. शाँबोंला आल्यावर केलेले कागद तो एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवी. एकाच गावात खोटं न बोलवणारा पाद्री आणि रोज खोटी नावं लिहिणारा पोरगा, आणि दोघं एकाच मुलांसाठी जागे. मला यात विरोध दिसत नाही.

प्रतिसाद, एका तरुण अनुवादकाचा:

'तोतया' सुचवू का? भाऊसाहेबांच्या तोतयामुळे सगळ्यांना माहीत असलेला शब्द. शिवाय एक शंका: कामिन्स्कींच्या गटाचं नाव 'ला सिझिएम' आहे ना? ते 'सहावी' असं भाषांतरित करायचं का?

माझं उत्तर:

तोतया नको, भाऊ. आणि का नको ते सांगण्यासारखं आहे. १७७६ मध्ये ज्याला देहदंड झाला तो तोतया सदाशिवरावभाऊंची जागा, मान, राज्य बळकवायला निघाला होता. तोतया दुसऱ्याचं काहीतरी घेतो. ही मुलं कोणाचंही काही घेत नव्हती. उलट त्यांचंच काढून घेतलं जात होतं, आणि हे वाचवणाऱ्यांना पुरतं कळत होतं. नीसमध्ये मुसा अबादी आणि ओदेत रोझेनस्टॉक या दोघांनी ५२७ मुलं वाचवली. बिशप पॉल रेमों यांनी अबादींना आपल्या वाड्यात बसायला जागा दिली होती. तिथेच बाप्तिस्म्याचे दाखले तयार होत. पण दाखला झाला म्हणजे काम संपत नसे. मुलाला खोलीत बसवून नवं नाव पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं, झोपेतून उठवलं तरी तेच निघालं पाहिजे, जुनं चुकूनही नको. आईने ठेवलेलं नाव चार-पाच वर्षांच्या पोराच्या तोंडातून आपण काढून घेतोय, हे अबादींना पुढे आयुष्यभर खुपत राहिलं.

इथे मात्र मराठी श्रीमंत आहे. आपल्याकडे पाळण्यातलं नाव असतं, शाळेतलं असतं, दाखल्यावरचं असतं, हाक मारायचं असतं. म्हणून टिपणात मी 'खरं नाव' आणि 'खोटं नाव' हे शब्द वापरणार नाही. 'पाळण्यातलं नाव' आणि 'कागदावरचं नाव' म्हणेन. ज्यू मुलाला पाळण्यात घालून नाव ठेवत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण नववीतल्या मुलाला त्या शब्दात काय हरवलं ते लगेच कळेल.

'सहावी'बद्दल: ज्यू बालवीरांची संघटना बंद करण्यात आली, तेव्हा तिचं लपून चालणारं काम एका सरकारमान्य संस्थेच्या युवक खात्यातला सहावा विभाग म्हणून नोंदलं गेलं होतं. म्हणून 'ला सिझिएम'. फ्रेंचमध्येही सिझिएम म्हणजे शाळेतली एक इयत्ता. मराठीत 'सहावी' लिहिलं तर मुलं स्वतःच्या शाळेतल्या वर्गाकडे बघतील. मूळ नाव ठेवून एकदा अर्थ सांगते.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं. काकांनी कागदाकडे बघा म्हटलं, तेव्हापासून 'बनावट' शब्द डोक्यात फिरतो आहे. वर्तमानपत्रात एकाच दिवशी 'बनावट नोटा जप्त' आणि 'भारतीय बनावटीची युद्धनौका नौदलात' अशा दोन बातम्या येतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. बनणं, बनवणं, बनावट: मुळात घडण. इंग्रजी फोर्जही मुळात लोहाराची भट्टी. दोन्हीकडे हाताच्या कामाचा शब्द पुढे फसवणुकीकडे गेला. कामिन्स्की सायकलच्या चाकापासून यंत्र करून छपाईचे ठसे तयार करत, नव्या कागदावर धूळ चोळून तो जुना करत. त्यात मला घडणच आधी दिसते.

तरी 'बनावटकार' वगैरे नवा शब्द घडवायचा मोह सोडला आहे. कारण मराठीत साधं क्रियापद पडून आहे: कागद करून देणे. जमीन विकली की 'कागद करून दिला' म्हणतात, वाटणी झाली की 'कागद केले'. त्यात खरं-खोटं काहीच नाही, काम आहे आणि 'देणे' आहे. ओळ अशी ठेवते आहे:

'आदोल्फो कामिन्स्की रंगारी होते. अठराव्या वर्षापासून त्यांनी ज्यू मुलांना दुसऱ्या नावाचे कागद करून दिले.'

'दुसऱ्या नावाचे' पुरेसं आहे की 'बनावट' हा शब्द तिथे एकदा तरी हवा, एवढंच आता सांगा. सोमवारी टिपण छपाईला द्यायचं आहे.

प्रतिसाद, त्याच निवृत्त अभिलेखपालांचा:

एकदा हवा. पुढच्या वाक्यात घाला: 'हे कागद बनावट होते.' वर्गात कोणीतरी विचारेलच, मग तुम्ही बोला.