मला पटलंय म्हणून ते खरं का? – पडताळ्याचे अनुभव लिहा

'ज्याचं त्याचं सत्य' असं म्हणून हल्ली बरेच वाद मिटवले जातात. पण विहीर कुठे खणायची, साप चावला तर कुठे जायचं, होडी किती वाजता लोटायची, इथे माणूस आपल्या समजावर पैसा लावतो, कधी जीवही. आपल्या कामातला एखादा पक्का समज घ्या. तो तपासायचा कसा, किती वेळा, आणि फसायला कुठे होतं ते लिहा. आत्मकथा नको. वाचणाऱ्याला उद्या करून बघता येईल एवढा तपशील हवा.

विहिरी आणि बोअर, लांजा-राजापूर

पाणाड्या, म्हणजे काठी फिरवून जमिनीखालचं पाणी सांगणारा, खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही. बेळक्याची (दोन फाट्यांची) काठी हातात खरोखर फिरते. तळवे वर, कोपरं अंगाशी, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला ताणलेली. अशी ताणलेली काठी मनगट जाणवणार नाही इतकं कललं तरी झटक्यात खाली जाते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो तोही असाच. काठी फिरली हा अनुभव खरा. ती पाण्यामुळे फिरली हा त्यावरचा तर्क, आणि तपासायचा तो तर्क.

आधी एक बघा. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) वर जांभा, खाली शेडी म्हणजे चिकणमातीचा थर, तिच्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, शेडीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्याने बाहेर पडतं. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस अशा उतारावर बहुतेक ठिकाणी खणलं की पाणी दिसतं, आणि एप्रिलात तेच पाणी तळ गाठतं. तेव्हा 'पाणी लागेल' या भाकिताला काही किंमत नाही. खणण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या: किती फुटांवर, आणि मेमध्ये किती. मोजायचं मेच्या मध्यावर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर उपसा म्हणजे साधारण 7,000 लिटर. तेवढं पाणी परत भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा.

काठीची परीक्षा घ्यायची तर जमिनीत फूटभर खोल पाईप पुरा आणि त्याचा कॉक लांब, आडोशाला ठेवा. दर वेळी नाणं उडवून कॉक उघडा किंवा बंद करा, आणि पाणाड्याने नुसतं 'चालू' की 'बंद' एवढंच सांगायचं. 20 वेळा करा. नुसत्या अंदाजाने 10 बरोबर येतात. 15 किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात जेमतेम 2. चूक होते ती अशी: पाईपमधून पाण्याचा आवाज येतो, सांध्यातून माती ओली होते, किंवा कॉकवाल्याचा चेहराच सगळं सांगून जातो. म्हणून पाणाड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला कॉकची स्थिती माहीत नसावी. आणि पहिल्या फेरीत कॉक उघडा आहे हे सांगूनच काठी चालवू द्या. 'हो, इथे काठी चालते' हे त्यानेच आधी मान्य करायला हवं. हा टप्पा गाळला की निकालानंतर 'आज वारा होता', 'जागा बाधित होती' सुरू होतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

आरोग्यसेवा, रायगड

साप चावल्यावर 'मंत्राने उतरलं' हा समज खोट्या माणसांनी पसरवलेला नाही. चावलेले पुष्कळ साप बिनविषारी असतात: धामण, दिवड, नानेटी, कवड्या. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. अशा वेळी कोणीही काहीही केलं तरी माणूस बरा होणारच. मांत्रिकाकडे गेलेल्या सगळ्यांची नोंद कुठे नसते, बरे झालेलेच पुढे सांगायला येतात.

उलट धोका मण्यारीचा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही, म्हणून 'काही झालं नाही' ही खात्री वाटते. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास. ही खात्री कितीही मनापासूनची असली तरी विष त्यासाठी थांबत नाही.

फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत. ते बघायची चाचणी अगदी साधी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची, मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही, म्हणजे विष भिनलंय. गोठलं असलं तरी पहिले काही तास चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि रुग्ण 24 तास नजरेखाली हवा. चाचणी फसते ती नळीमुळे. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच वापरली तर चांगलं रक्तही नीट गोठत नाही. मध्येच 'बघूया झालं का' म्हणून नळी हलवली तरी तेच. यंत्र म्हणावं असं यात काहीच नाही, पण निकाल कसा वाचायचा ते नळी भरण्याआधी ठरलेलं असतं.

आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. चापडा या विषारी हिरव्या सापावर नाही. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे.

विंचवाबद्दल महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम जरूर समजून घ्या. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, फुप्फुसात भरणारं पाणी, एकेका रुग्णाची लक्षणं त्यांनी लिहून ठेवली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'आयुष्य नव्हतं' म्हणून जे मृत्यू सोडून दिले जात, त्यातले कितीतरी टाळता येतात हे नोंदींनी सिद्ध झालं.

संस्कृत शिकवणारा, रत्नागिरी

न्यायशास्त्रात अनुभवाचे दोन प्रकार सांगितलेत, यथार्थ आणि अयथार्थ. म्हणजे 'मला अनुभव आला' एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. वस्तू आहे तशी दिसली की नाही हे पुढे विचारतंच. आणि स्मृतीला अनुभवात धरत नाहीत, तिचा कप्पाच वेगळा. या धाग्यासाठी हे फार उपयोगी आहे: आठवून लिहिलेलं आणि त्याच वेळी टिपलेलं यांत भेद करा. ज्ञान खरं की नाही याची एक कसोटीही आहे. त्यावरून केलेली कृती सफल झाली पाहिजे. मृगजळाकडे चालत गेलं तर तहान भागत नाही.

आंबा बागायत, देवगड तालुका

'वासावरून देवगड की रत्नागिरी ओळखतो' असं सांगणारे मनापासून सांगतात. 2018 पासून कोकण हापूसला भौगोलिक मानांकन आहे, पण ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा पाचही जिल्ह्यांना, एका गावाला नाही. ओळखीची परीक्षा अशी घ्या: तीन बश्या, दोन बश्यांत एका बागेचा आणि तिसरीत दुसऱ्या बागेचा फोडीएवढा तुकडा. वेगळी बशी कुठली ते सांगायचं. 12 फेऱ्या. नशिबाने 4 जमतात. 8 जमले तर ओळख आहे असं धरा. दोन्ही फळं एकाच दिवशी काढलेली, एकाच अढीत पिकलेली हवीत, साल काढलेली हवी. नाहीतर ओळख बागेची होत नाही, पिकण्याची होते. मधे मधे साध्या पाण्याने चूळ.

फळ तयार आहे की नाही हेही 'हाताला कळतं' म्हणतात. कळतंही, पण बादली जास्त नेमकं सांगते: तयार हापूस पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. चौदा आणे (सोळांतले चौदा भाग) तयार झाल्यावर नूतन झेल्याने, म्हणजे देठ कापणारं पातं आणि जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढा. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा ठेवला तर चीक सालीवर उतरत नाही. झाडावर फार ठेवलेल्या फळात साका (गरातला पांढरट, आंबट भाग) जास्त निघतो, आणि साका बाहेरून दिसत नाही. साका ओळखण्याचा कुणाचा कितीही दावा असो, सुरी लावण्याआधी फळावर 'आहे' किंवा 'नाही' लिहून ठेवा.

देवस्थानाशी संबंधित, सिंधुदुर्ग

वरच्या सगळ्यांशी सहमत, तरी एक बाजू राहतेय. कौल म्हणजे देवाला विचारून मिळालेलं उत्तर. तो घेताना गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न मोठ्याने मांडतो. देवाला ओल्या पाकळ्या किंवा पानं दोन्ही बाजूंना लावतात, उजवीकडचं आधी सुटलं तर होकार. गावागणिक रीत वेगळी. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती अशीच देवीला विचारून ठरते. एकदा ठरली की ती खरीच तारीख असते, लाखो माणसं त्याच दिवशी येतात. इथे आधी वेगळं 'खरं' कुठे पडून नव्हतं. सगळ्यांनी मानलं म्हणून ते झालं.

पण चोरी कोणी केली, करणी कोणी केली, हे कौलाला विचारू नये. चोर आधीच कोणीतरी आहे, आपल्या मानण्याने तो बदलत नाही. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याला छळणं तर 2013 च्या त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. आणि नको तो कौल आला म्हणून तोच प्रश्न फिरवून परत विचारणं, हे देवाच्या मानाच्याही विरुद्ध आहे.

जमीन मोजणी, चिपळूण

थोडक्यात. 'सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी' आणि 'गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द', दोन्ही समज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार नोंद खरी मानतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफार नोंदी मागे मागे काढा, गटाचा नकाशा घ्या, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) हातात आल्याशिवाय गडगा हलवू नका. गुंठा आणि आर एक समजू नका: गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. एकराला 47 चौरस मीटरचा फरक पडतो, आणि भावाभावांत बोलणं बंद व्हायला तेवढा पुरतो.

मासेमारी, मालवण

'तिथीची पाऊणकी' हा आमचा जुना हिशेब: चतुर्थी असेल तर चाराची पाऊणकी तीन, म्हणजे तीन वाजता पुरती भरती. हा समज बराचसा खरा आहे, पण कुठे कमी पडतो ते बघा. भरती दर तिथीला सरासरी 48 मिनिटांनी पुढे सरकते, पाऊण तास म्हणजे 45. पंधराव्या तिथीपर्यंत 45 मिनिटं कमी पडतात. पाऊणकीऐवजी तिथीला 4 ने गुणून 5 ने भागा, म्हणजे येणाऱ्या तासांत ही तूट राहत नाही. दुसरं, हा हिशेब मुंबईकडचा. भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे वेंगुर्ला-मालवणला ती मुंबईच्या आधी, आणि खाडीत आत जाल तशी उशिरा. आपल्या बंदराचा फरक आपणच काढायचा: 10 सेंटिमीटरच्या खुणा करा, 15 दिवस पुरती भरती आणि पुरती सुकती (ओहोटी) यांची वेळ लिहा, हिशेबाच्या वेळेतून वजा करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी बराच वेळ थबकल्यासारखं वाटतं, तेव्हा वर चढताना आणि उतरताना एकाच खुणेला पाणी लागल्याच्या दोन वेळा टिपून मधली वेळ घ्या. खुणा बांबूवर नको, उधाणात बांबू कलतो आणि दोन दिवसांचे आकडे बिघडतात. धक्क्याच्या दगडावर तेलरंगाने रेघा मारा.