१९९० च्या माझदा मियाटाला टर्बो बसवण्यापूर्वी सल्ला हवा आहे

नमस्कार. मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९९० सालची माझदा मियाटा ही छोटी, दोन आसनी गाडी असून तिच्या मूळच्या १.६ लिटर इंजिनाला या हिवाळ्यात टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवण्याचा माझा विचार आहे. कारखान्यातून हे इंजिन ११६ अश्वशक्तीचे होते. मला १८० च्या आसपास पुरे, कारण या गाडीचा हलकेपणा मला मनापासून प्रिय आहे आणि तो हरवता कामा नये.

या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ९.४ आहे, तर ३२३ जीटीएक्स या दुसऱ्या गाडीमधील याच कुळातल्या टर्बो इंजिनासाठी माझदाने ते ७.९ ठेवले होते. तेव्हा पिस्टन न बदलता ८ पीएसआय बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), ती हवा थंड करणारा इंटरकूलर आणि ९३ ऑक्टेन पेट्रोल यांवर नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) टाळण्यासाठी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, किती मागे घ्यावे लागते? स्वतंत्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), मोठे इंजेक्टर आणि हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर मी घेणारच आहे. तिथे काटकसर नको.

खरी काळजी क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची आहे. सुरुवातीच्या गाड्यांत त्याचे पुढचे टोक आखूड असते आणि त्यावर पुली पक्की धरणारी चावी (छोटी खिटी) व तिची खाच झिजण्याचा दोष सर्वश्रुत आहे. माझी गाडी त्यांपैकीच आहे. ज्यांनी असे इंजिन टर्बोवर चालवले आहे, त्यांनी तोच क्रँकशाफ्ट ठेवला, की आधी १.८ लिटरचे इंजिन घातले? तसेच, नाजूक समजला जाणारा मूळचा ६ इंची डिफरेन्शियल (मागच्या चाकांना शक्ती वाटणारा गिअरसंच) टर्बोसोबतच बदलावा का?