आईचा 'अंदाज' मापात उतरवूया : अनुभव धागा

"किती घालू?" "अंदाजाने घाल." "किती वेळ ठेवू?" "होईपर्यंत." "झालं हे कळणार कसं?" "कळतं."

मराठी घरात आईकडून काही शिकायला बसलं की तोंडी परीक्षा अशी रंगते, आणि परीक्षा कोण घेतंय नि कोण देतंय हे शेवटपर्यंत उमगत नाही. तरी हा अंदाज फारसा चुकत नाही. त्याची एककं तेवढी निराळी: मूठ, ओंजळ, करंगळी, बोटाचं पेर. ती इथे ग्रॅम-मिनिटांत उतरवून ठेवू. 'आईच्या हातची चव काही येत नाही' एवढंच लिहून पसार होऊ नये. का येत नाही, ते लिहावं.

सुरुवात दह्याने. करंगळी दुधात बुडवली, ऊब लागली पण बोट मागे घ्यावंसं वाटलं नाही, की दूध साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर आहे. अर्ध्या लिटरला उन्हाळ्यात एक चहाचा चमचा विरजण, थंडीत दोन. दूध ५० अंशांच्या वर असताना विरजलं तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी भांड्यात दूधच असतं. फार गार दुधात रात्र पुरत नाही, वर दह्याला तार सुटते. विरजण्याआधी दूध उकळून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवलं तर दही घट्ट लागतं. आणि "सारखं झाकण काढून बघू नकोस" हे ओरडणं रास्तच आहे. लागत असलेलं दही हललं की फुटतं आणि पाणी सोडतं.

पुण्याहून

तुपाचं सांगते. साय फ्रिजमध्ये आठ दिवसांपलीकडे साठवू नये. कडवट झाली की कितीही कढवा, वास राहतोच. भांडं बाहेर काढून साय साधी झाली की चमचाभर दही लावून रात्रभर विरजावी. घुसळताना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, थंडीत किंचित कोमट. गारवा कमी पडला तर लोणी ताकातच विरघळून बसतं, जास्त झाला तर कण कण राहतात, गोळा होत नाही. घुसळून घुसळून दंड भरून आले आणि लोणी येईना, तर दोष दंडाचा नाही, पाण्याचा.

लोणी तीन पाण्यांनी, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावं. इथे कंटाळा केला की ताकाचा अंश राहतो, बेरी जास्त पडते आणि बुडाला लागते.

पातेलं जाड बुडाचं, लोण्याच्या तिप्पट उंचीचं. झाकण नको, वाफ जायला हवी. आधी मोठा फेस आणि तडतड: ते पाणी उडतंय. इथून पुढे डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचा, म्हणूनच तूप कढत असताना घरातला रेडिओ बारीक करायला लावतात. तडतड विरली, तळ दिसायला लागला आणि बारीक दुसरा फेस वर आला की गॅस बंद. बेरी बदामी असतानाच. गरम तुपात ती आणखी भाजत राहते. आचेवरच तपकिरी होऊ दिली तर गाळेपर्यंत काळी होते. विड्याचं पान शेवटी टाकतात, नसलं तरी अडत नाही. रवाळ तूप हवं तर ते ओट्यावर सावकाश निवू द्यावं. घाईने फ्रिजमध्ये सरकवलं की रवा धरत नाही.

किलोभर लोण्याचं पाऊण किलोच्या आसपास तूप निघतं. घरच्या लोण्यात पाणी जास्त राहिलं असेल तर आणखी कमी. पोरांवर संशय घेण्याआधी हे लक्षात घ्यावं. बेरीत साखर घालून चमच्याने खायची, आणि गाळून झालेल्या पातेल्यात गरम भात नि मीठ कालवायचं. पातेलं एक, भावंडं तीन. ही वाटणी कुठल्याच आईला नीट जमलेली नाही.

जळगावहून

कुरडई. तुपाला कान लागतो, इथे माणसं लागतात.

गहू लोकवन घ्या. तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं, कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबून बघायचा. पांढरं दूध बाहेर आलं आणि साल चिमटीत राहिली तर वाटायला घ्यायचा. पाणी बदलायचं राहिलं तर गहू आंबूस होतो आणि कुरडईला लालसर छटा येते. तळल्यावर ती आणखी उठून दिसते आणि तेव्हाच नेमके पाहुणे बसलेले असतात.

वाटलेला गहू आधी चाळणीतून, मग पातळ सुती कापडातून गाळायचा. चोथा टाकायचा नाही, पाण्यात कालवून पुन्हा पिळायचा, बराच चीक त्यात अडकलेला असतो. गाळलेलं सगळं रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी वर पिवळसर पाणी आणि खाली पांढरा चीक. पाणी भांडं न हलवता ओतायचं. हा घट्ट चीक वाटीने मोजायचा, जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी. चीक आधीच सैल असेल तर पाणी पाऊणपट. चार वाट्यांना दीड ते दोन चहाचे चमचे मीठ पुरे, वाळल्यावर खारटपणा वर येतो. हिंग आवडीप्रमाणे.

पाणी खळखळून उकळलं की एकाने बारीक धार धरायची, दुसऱ्याने लाकडी दांड्याने न थांबता हाटायचं. दोन्ही कामं एकट्याने केली की गुठळी होते, आणि गुठळी सोऱ्याच्या जाळीत अडकली की दट्ट्या पुढे जात नाही. चीक दाटला की झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, मधे मधे ढवळत. झालाय हे कसं ओळखायचं? पांढरेपणा जाऊन चकाकी येते आणि ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही.

घालायच्या मात्र गरम असतानाच. गार चीक सोऱ्यातून उतरत नाही, उतरला तरी तार तुटते. म्हणून घरातलं सर्वात दणकट माणूस सोऱ्यावर, आणि उन्हं चढायच्या आत सगळं गच्चीवर. संध्याकाळपर्यंत वरून कडक झाल्या की उलटायच्या. दोन-तीन दिवस खडखडीत ऊन हवं.

बिघाड तीन. चीक कच्चा राहिला तर वाळताना कुरडईचे तुकडे पडतात. पाणी जास्त झालं तर प्लॅस्टिकला चपटी बसते आणि तळल्यावर फुलत नाही. आभाळ आलं तर काळपटते. त्यावर इलाज नाही, पंख्याखाली पसरा आणि नशिबाला बोल लावा.

राखणीला पोरं बसवतात, कावळ्यांसाठी म्हणून. खरा धोका राखणदाराकडूनच असतो, कारण अर्धवट वाळलेली, बाहेरून कडक नि आतून चिवट कुरडई ही वेगळीच चीज आहे. "पोटात दुखेल" या धमकीत पोटाची काळजी थोडी आणि डब्याची जास्त. हुशार आया कुरडया दहा-दहाच्या ओळीत घालतात. एक गेली की ओळ बोंब मारते. पोरांना गप्प ठेवायचा उपाय म्हणजे शिजलेल्या चिकातली वाटीभर आधीच काढून ठेवणं. त्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि तिखट, किंवा दूध-साखर.

साताऱ्याहून

कैरीच्या लोणच्याचं माप, एक किलो फोडींना: मीठ १८० ते २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १००, तिखट ७५, हळद २५, तळून कुटलेली मेथी १५, हिंग १०, तेल ३०० ग्रॅम. तिखट-मेथी खुशाल कमी करा. मिठाला हात लावू नका. 'तब्येतीसाठी मीठ कमी' असं लोणचं करायचं असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवायचं.

कैरी बाठ धरलेली हवी, कोवळी पिलपिलीत होते. धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मग फोडायची. फोडल्यावर धुणं म्हणजे बुरशीला आवतण. तेल कडकडीत तापवून फोडणी करायची आणि पूर्ण गार झाल्यावरच ओतायची, नाहीतर फोडी अर्ध्या शिजतात आणि तिखट काळवंडतं. बरणी चिनी मातीची; निखाऱ्यावर हिंग टाकून वर बरणी पालथी धरायची. पहिले आठ दिवस रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायचं, मग बोटाचं अर्धं पेर तेल वर राहील असं बघायचं आणि दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला कापड, बांधायचा. तेलाच्या वर डोकं काढलेली फोड पहिली बुरसते, ती पुन्हा खाली दाबायची.

"ओला चमचा कोणी घातला?" या प्रश्नावर घरोघरी चौकशी आयोग बसतात आणि अहवाल येत नाही. पण मुद्दा बरोबर आहे. बाकी कोणी बरणीला शिवायचं नाही, कोणत्या दिवसांत शिवायचं नाही, हे जे त्यात घुसडलं गेलं ते निव्वळ थोतांड. बुरशीला ओल आणि हवा लागते, दुसरं काही नाही.

फोंड्याहून

आमच्या बाजूला मे महिना सोलांचा, म्हणजे आमसुलांचा. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून साली वेगळ्या, बिया आणि गर मीठ घालून वेगळ्या. त्याला सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच पुटं. पुटं कमी दिली तर सोल फिकं आणि पातळ राहतं. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियमला आंबट चढतं. शेवटच्या पुटानंतर वाळवण्यात कसर ठेवली की पावसाळ्यात डब्यात बुरा आलाच. बियांचं तेल काढून त्याचे गोळे करतात, थंडीत भेगाळलेल्या टाचांना गरम करून लावायला. आणि त्या दिवसांत पोरांना जुनेच कपडे घालतात, कारण भिरंडाचा डाग धुऊन फक्त रंग बदलतो, जात नाही.

न्यू जर्सीहून

दह्याला पुरवणी: हिवाळ्यात भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. आठ तासांत लागतं. ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कोणीतरी पिझ्झ्यासाठी ओव्हन तापवतं. कुरडई इथे फक्त वाचायची.

गिरगावातून

खाण्यापिण्याचं खूप झालं, शाळेच्या स्कर्टकडे या. आई माप देताना शिंप्याला सांगते, "वाढत्या अंगाचा शिवा." त्याचं गणित असं. एक इंचाची आडवी दुमड दोन इंच कापड खाते. सहा ते दहा वर्षांच्या मुलीची उंची वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढते, त्यातली कमरेपासून गुडघ्यापर्यंतची वाढ त्याहून बरीच कमी. म्हणजे एक दुमड दीड-दोन वर्षं पुरते आणि दोन दुमडींत चौथी पार पडते. तिसरी घालू नये, घेर जड होऊन स्कर्ट पुढे फुगतो.

कापड सुती असेल तर बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचं. न भिजवलेलं पहिल्या धुण्यात आटतं आणि एक दुमड फुकट जाते. दुमडीची टीप लांब टाक्याची, दोरा सैल आणि सुई बारीक, म्हणजे उसवल्यावर भोकं राहत नाहीत. टेरिकॉटवर भोकं राहतातच. उसवल्यावर जुनी घडीची रेघ मोडायला पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं फडकं वर ठेवून इस्त्री करायची. रेघ मोडते, पण आतला न विटलेला गडद पट्टा झाकता येत नाही, आणि तो पट्टा बघून पोरगी कितवीत आहे ते अख्ख्या वर्गाला कळतं. त्यावर पांढरी नागमोडी लेस लावतात. लेस दिसली की आता खाली पट्टा आहे हेही सगळ्यांना कळतं.

इंदूरहून

हाच 'वाढत्या अंगाचा' कायदा स्वेटरला. चार-प्लाय लोकर, किनार १२ नंबरच्या सुयांवर, अंग १० नंबरवर. जुन्या मापात आकडा मोठा तशी सुई बारीक, दुकानात हे उलटं धरून चूक होते. सात वर्षांच्या पोराला अडीचशे ग्रॅमच्या आसपास लोकर लागते. घ्यावी तीनशे, एकाच लॉटची. नंतर आणलेल्या गुंडीचा रंग जुळत नाही आणि एक बाही कायमची सावत्र दिसते.

पुढच्या वर्षी स्वेटर आखूड झाला तर खालून उसवू बघू नका. खालून वर विणलेला असेल तर तो वरच्या, बंद केलेल्या टोकाकडूनच उसवतो. किनारीच्या वर एका ओळीतला एक टाका कापायचा, तो धागा पूर्ण ओळभर ओढून काढायचा, मोकळे झालेले टाके सुईवर घ्यायचे आणि खाली विणत जायचं. वाढवलेला भाग नवीन असल्याने अंमळ गडद येतो, म्हणून आया तिथे मुद्दाम दुसऱ्या रंगाचे पट्टे टाकतात आणि "डिझाइन आहे" म्हणून सांगतात.

सगळाच उसवला तर लोकर कुरळी निघते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिची लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून न पिळता टांगायची आणि खाली हलकं वजन अडकवायचं. वाळल्यावर गुंडी. लड धरायला खुर्चीची पाठ चालते, पण आयांना त्यासाठी पोराचे दोन हातच लागतात, आणि तेही खाली खेळ ऐन रंगात आलेला असताना. हात फार ताणून धरू नयेत, लोकर ओढली जाते. गुंडीही तीन बोटं आत ठेवून, वर धागा गुंडाळून मग बोटं काढून सैल करायची. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यानंतर स्वेटर दोन बोटं आखूड होतो.