उंदरांची बुडालेली स्वप्नांची झोप भरून निघते का?

निफाडचा बागायतदार
कडाका वाढला की पहाटे तीनला उठून ड्रिप सोडायचं, बागेत शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर द्राक्षमण्यांना तडे. झोपतो दहाला, त्यामुळे अंग फारसं कुरकुरत नाही. पण थंडी ओसरली की पहिल्याच रात्री स्वप्नांची नुसती जत्रा! पुतण्या नाशिकला एमएस्सी करतोय. म्हणतो, "काका, प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही असंच होतं." खरंय का? आणि उंदराला नेमकं स्वप्नातूनच उठवतात कसं?

गंगापूर रोडची ताई
खरंय काका. रेम, म्हणजे स्वप्नांची झोप, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तुमची नेमकी तीच कापली जाते.

उंदरांसाठी जुनी युक्ती आहे. पाण्याच्या टाकीत मधोमध छोटा गोल ओटा, साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा. गाढ झोप त्यावर अंग चोरून बसल्या बसल्या जमते. रेम लागली की मानेचे स्नायू पार सैल, नाक पाण्यात, स्वारी जागी! मी फार्मसीत असताना हे पडद्यावर बघायचे. स्नायूंची रेघ अचानक सपाट व्हायची आणि पाठोपाठ धडपड. उंदराची रेम मुळात एक-दोन मिनिटांचीच, तीही पदरात पडत नाही. मग जसजसा वेळ जातो, तसे रेममध्ये शिरायचे प्रयत्न वाढत जातात. कोरड्या पिंजऱ्यात परत ठेवलं की रेम उसळते, एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागते. गाढ झोप बुडाली तर तिची वसुली निराळी: मेंदूच्या संथ डेल्टा लहरी जोरकस होतात. दोघींची खाती वेगळी.

पंचवटीकर
ताई, एक शंका. पाण्यात अडकलेला उंदीर घाबरलेला असणारच. उंदराला नुसतं नळीत कोंडून ठेवलं तरी नंतर रेम वाढते. मग ही उसळी बुडालेल्या झोपेची की ताणाची?

गंगापूर रोडची ताई
रास्त शंका. म्हणून तुलनेला मोठा ओटा ठेवतात. पाणी तेच, ओल तीच, पण उंदराला आडवं होता येतं. तरी हिशेब चोख नाहीच. मोठ्या ओट्यावरही थोडी रेम जाते आणि छोट्यावर गाढ झोपेलाही कात्री लागते. मला जास्त भरवसा वाटतो तो झोपेचे अमेरिकी संशोधक डिमेंट यांच्या १९६० च्या माणसांवरच्या प्रयोगाचा. तिथे पाणीबिणी नाही, रेम लागली की हाक मारून उठवायचं. नंतरच्या रात्री बहुतेकांची रेम वाढली. त्याच माणसांना पुढे रेम नसताना तितक्याच वेळा उठवलं, तेव्हा वाढली नाही.

निफाडचा बागायतदार
म्हणजे थकबाकी पूर्ण वसूल होते?

गंगापूर रोडची ताई
फार दिवस बुडाली तर मिनिटाला मिनिट परत मिळत नाही, काका. उंदरांनाही नाही.

पंचवटीकर
डिमेंट यांचा मुद्दा पटला. पण ती माणसं आठच होती हो! उंदीर तरी हवे तेवढे मिळतात.