काही झालेलं नसताना रडू येतं तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

अळूवडी :
आज दादरला विरार गाडी पकडली. दाराजवळ एक मुलगी उभी होती, पंचवीस-सव्वीसची, गळ्यात ऑफिसचं कार्ड आणि डोळ्यांतून नुसती धार. हुंदका नाही, आवाज नाही. खिडकीपाशी एक काकू मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, स्वतः सरकल्या, बाकीच्या दोघींना सरकवलं आणि तिला फोर्थ सीटवर बसवून घेतलं. मग तिच्या ओंजळीत मूठभर शेंगा टाकल्या. ती मुलगी बोरिवलीपर्यंत रडत रडत मटार सोलत होती. मला घरी येऊन दोन तास झाले तरी ते डोळ्यांसमोरून जात नाहीये.

मला माझं २०१३ साल आठवलं. त्या वर्षी चार महिन्यांत लग्न झालं, गिरगावातून विरारला आले आणि नोकरी पण बदलली. सगळं मनासारखं होतं हो, नवरा चांगला, सासूबाई स्वतः डबा भरून द्यायच्या. आणि रोज सकाळी अंधेरी आलं की माझे डोळे गळायला लागायचे. मनात काही म्हणजे काही नसायचं, येताना कोथिंबीर घ्यायची आहे असा विचार चाललेला असायचा आणि गाल ओले. मला वाटलं डोळे आलेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, ते म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. मग आमच्या गिरगावातल्या जुन्या डॉक्टरांकडे गेले, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. त्यांनी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, दोन्ही नॉर्मल. रिपोर्ट बाजूला ठेवून ते म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी रोज हाताला लागायची अशी एक वस्तू सांग जी आजही लागते." मला एकही सांगता येईना. दात घासायचा पेला सुद्धा नवा होता. तिथेच जी रडायला लागले ती थांबेचना, कंपाउंडर आत येऊन गुपचूप पंखा वाढवून गेला.

पुढच्या रविवारी आईकडून माझा पेला घेऊन आले, आजीचं नाव घातलेला, बुडाला पोचा आलेला. तो इथे बेसिनवर ठेवला. आणि नवऱ्याला सांगितलं की मला रडू येतं, तू उपाय सांगू नकोस, नुसता बाजूला बस. बसायचा बिचारा. दोनेक महिन्यांत कमी होत गेलं, शेवटचं कधी रडले ते आठवत पण नाही. पेला अजून तिथेच आहे.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? नोकरी, घर, बाळंतपण, रिटायरमेंट, काहीही. कारण सांगता आलं नाही तरी लिहा.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या :
वाचता वाचता भरून आलं. वरणभात लावलाय, रात्री लिहिते सविस्तर.

मुगभाटकर :
गिरगावात कुठे हो? आम्ही मुगभाटातले.

अळूवडी :
झावबावाडी! मुगभाटात माझी मावशी राहायची.

मुगभाटकर :
अरे वा, मग ओळख निघणार. आमची बिल्डिंग पाडायला घेतली, आता भाईंदरला. पण गणपतीत केशवजी नाईक चाळीत जाणं चुकवत नाही, १८९३ पासूनचा गणपती आहे तो, माझे आजोबा न्यायचे मला. तुमच्या विषयाचंच सांगतो, तिथे आरतीच्या शेवटी टाळ्यांचा वेग वाढला की माझा गळा दाटतो. पहिल्या वर्षी तर बाहेरच जाऊन उभा राहिलो. बायकोने मागून येऊन नुसता हात धरला, काय झालं असं विचारलं नाही, ते फार बरं वाटलं.

टिकटिक :
मी बेस्टमध्ये ३४ वर्षं कंडक्टर. जुलै २०२३ ला रिटायर झालो. पहिला महिना मजेत गेला, गावी जाऊन आलो, झोपा काढल्या. मग एक दिवस पेपर वाचत बसलो होतो, नात म्हणाली आजोबा तुमची बोटं का हलतायत. बघतो तर उजव्या हाताची बोटं तिकिटाला पंच मारल्यासारखी आपोआप मिटत होती. मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी बोटांना पंचच आठवत होता. तिच्यासमोर मला जे रडू फुटलं ते आवरेना, पोर घाबरली. मग रोजच. कधी सकाळी पाच वाजता, ड्युटीच्या वेळेला, कधी जेवताना घास हातात.

१५ सप्टेंबरला शेवटची जुनी डबलडेकर निघाली तेव्हा अंधेरीला आगरकर चौकात गेलो होतो. फुगे, फुलं, हार घातलेली गाडी. कोणकोण कुठून कुठून आले होते, कितीतरी जणांचे डोळे ओले. त्या गर्दीत मी मोकळेपणाने रडलो आणि घरी येऊन कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपलो.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा. त्यांना कधी रडताना बघितलं नाही. पहाटे नळाला पाणी आलं की मोरीत जाऊन बसायचे, बादली भरून वाहायची तरी उठायचे नाहीत. आई म्हणायची अहो पाणी वाया जातंय. ते का बसायचे ते मला साठीला आल्यावर कळलं. कळलं तेव्हा सांगायला ते नव्हते.

विरारफास्ट :
काका, अंगावर काटा आला. नमस्कार तुम्हाला. त्या बादलीचं वाचून पुढचं वाचवेना.

डिंकलाडू :
मुलगी शाळेतून यायच्या आत लिहिते. माझं बाळंतपण एप्रिल २०२१, दुसरी लाट, हॉस्पिटलात सोबत एकच माणूस चालेल म्हणाले त्यामुळे आई गेटबाहेर आणि मी आत. तिसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं चहात साखर किती आणि मी हमसून हमसून रडायला लागले. साखरेवर! काकू फोनवर म्हणाल्या बाळंतिणीने रडू नये डोळे जातात, मग रडू वेगळं आणि डोळे जायची भीती वेगळी. डॉक्टरबाईंनी मात्र नीट समजावलं की बाळ झाल्यावर हार्मोन्स एकदम खाली येतात, खूप जणींना पहिल्या आठवड्यात असं होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतं, नाही ओसरलं तर घरी बसून राहू नकोस, माझ्याकडे ये. माझं सहाव्या आठवड्यातही ओसरलं नव्हतं. बाळ झोपलेलं असताना मी भिंतीकडे बघत जागी. गेले त्यांच्याकडे, त्यांनी सायकॅट्रिस्टकडे पाठवलं, अंगावर पाजत असताना चालेल अशी गोळी दिली. घरात सगळ्यांना पटली नव्हती ती गोळी. मी घेतली. आठ महिने घेतली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद केली. माझ्या लेकीचा पहिला वाढदिवस मला नीट आठवतो तो त्या गोळीमुळे, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

विरारफास्ट :
किती बरं केलंस लिहून. माझ्या जावेला दाखवते हे, तिला दीड महिना झालाय. आणि नावाला जागून लाडवांची रेसिपी पण दे बाई, माझा डिंक नेहमी आत कच्चा राहतो.

डिंकलाडू :
तूप मंद तापवायचं आणि डिंक थोडा थोडा टाकायचा, एकदम ओतला की वरून फुलतो आणि आत दाताला चिकटतो. आधी दोन तास उन्हात ठेव. जावेला म्हणावं मला कधीही मेसेज कर.

ओपीडीतली_सिस्टर :
नाइट संपवून गाडीत बसलेय, झोप यायच्या आत लिहिते. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आहे, पेशंट रोज सांगतात की सिस्टर काही झालेलं नाही तरी रडू येतं. अळूवडीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं ते अगदी बरोबर केलं. थायरॉईड कमी पडत असेल तरी असं होतं, बी१२ कमी असेल, अंगात रक्त कमी असेल, पाळी जायच्या आधीची तीन-चार वर्षं असतील, नवीन एखादी गोळी चालू झाली असेल, हे सगळं विचारलं पाहिजे. रिपोर्ट चांगले आले म्हणजे तुम्ही नाटक करताय असा अर्थ होत नाही, एवढं घरच्यांना सांगा. दोन आठवड्यांच्या वर रोज चाललंय, झोप गेली, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही तर दाखवा. आणि जीव नकोसा झालाय असं मनात आलं तर त्याच दिवशी कोणालातरी सांगा आणि या. केईएम, नायर, सायन सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं, कोणी हसत नाही. घरातून निघवत नसेल तर टेलिमानस १४४१६, सरकारी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात.
वांद्रे आलं, बाकी नंतर.

शेवग्याची_शेंग :
सिस्टर, वडिलांचं विचारते. त्यांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, आता चालतात, पण टीव्हीवर साधी साबणाची जाहिरात लागली तरी ढसाढसा रडतात आणि मिनिटात थांबतात. आम्ही सगळे त्यांना समजवत बसायचो की बाबा तुम्ही बरे होणार, ते आणखी चिडायचे.

ओपीडीतली_सिस्टर :
उठल्यावर बघितलं. झटक्यानंतर मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटू शकतो, मनात दुःख नसलं तरी रडू येतं. न्यूरोलॉजिस्टना मुद्दाम सांगा, यावर औषध असतं. आणि तेव्हा समजवू नका, विषय बदला, पाणी द्या.

शेवग्याची_शेंग :
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हेच सांगतोय मी दोन वर्षं, मला काही झालेलं नाही."

वरळी_नाका :
आमच्या आईचं लिहू का, ७१ वर्षांची आहे. बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत अख्खा जन्म गेला, आता ५०० फुटांचा फ्लॅट मिळाला. चावी घेताना आई इतकी खूश होती की देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. आणि राहायला आल्यापासून दुपारी चार वाजले की रडू. मी म्हटलं आई घर आवडलं नाही का तुला, तर म्हणाली आवडलं ग, फार आवडलं, तू असं विचारू नकोस, लोक नाव ठेवतील. नंतर माझ्या लक्षात आलं, चारला आमच्या गॅलरीत बायका तांदूळ निवडायला, वाती वळायला बसायच्या. इथे चारला सगळी दारं बंद आणि लिफ्टचा आवाज. मग तिने स्वतःच एक केलं, दाराला चप्पल अडकवून दार उघडं ठेवायला लागली आणि दारातच वाती वळत बसते. चार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या आजी कापूस घेऊन खाली आल्या. रडू अजून येतं, पण आता दोघींना एकदम येतं म्हणते.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या :
आले. लिहायचं होतं बरंच पण वरळी_नाकांच्या आईचं वाचून माझं राहिलं. उद्या नक्की. चप्पल अडकवलेलं दार... माझ्या माहेरी असंच होतं.

लातूरची_मी :
मी २३. जूनपासून अंधेरीत पीजीला, पहिली नोकरी, पगार चांगला, रूममेट पण चांगल्या आहेत. रोज रात्री नऊला रडू येतं. आईला सांगत नाही, तिला वाटेल पोरगी खचली आणि परत बोलावून घेईल. परवा तिने दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली. डबा धुवायला घेतला, झाकण उघडलं, वास आला, आणि नाही धुवू शकले. तसाच ठेवलाय कपाटात. ताई, तुमच्या पेल्याचं वाचलं म्हणून लिहिलं.

अळूवडी :
राहू दे डबा कपाटात, काही घाई नाही. झोप लागते का ग? जेवतेस का वेळेवर?

लातूरची_मी :
झोप लागते. जेवते, मेसचं. ऑफिसात असताना काही होत नाही.

टिकटिक :
बाळा, मी पण अंधेरीचाच. आमच्या सौ. सोलापूरच्या, त्या बाजूला बसून वाचतायत. विचारतायत आई चटणीत लसूण किती घालते, इकडची विकतची तिला पण चालत नाही.

लातूरची_मी :
काका मला माहीतच नाही. आईला विचारते.

ओपीडीतली_सिस्टर :
लातूर, विचारच. आणि नऊच्या आधीच फोन लाव.

लातूरची_मी :
लावला फोन. चटणीचं विचारलं आणि मग खरं सांगून टाकलं. ती पण रडली. म्हणाली शिकायला हॉस्टेलला होते तेव्हा मी पण. परत ये म्हणाली नाही. काका, काकूंना सांगा, पावशेर दाण्याला दहा-बारा पाकळ्या, सालासकट, आणि खलबत्त्यातच कुटायची, मिक्सर नाही.