शिलाई मशीन आणि लॅपटॉप दोन्हीसाठी भिंतीला दुमडणारं टेबल: ब्रॅकेट पुरतील का?

टीपबटण:
खोली १० बाय ११ फूट. खिडकी आणि दाराच्या मधे ४ फूट भिंत मोकळी आहे. तिथे काम झाल्यावर खाली दुमडता येईल असं टेबल हवंय. सकाळी लॅपटॉप, संध्याकाळी शिलाई मशीन (विजेवरचं, साधारण ७ किलो). फळी ४२ बाय २० इंच बसते. इमारत नवी आहे, ड्रिल केलं की राखाडी-पांढरी भुकटी पडते. फोल्डिंग ब्रॅकेटची एक जोडी पुरेल असं सुतार म्हणतोय. पुरेल का? आणि उंची किती ठेवू?

रंधापटाशी:
पिठासारखी राखाडी-पांढरी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक (आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक). लाल पडली असती तर वीट. या भिंतीवर ब्रॅकेट लॅपटॉपला चालतील, मशीनला नाही.

हिशोब असा: मशीन आणि त्यावर टेकलेले हात मिळून पुढच्या कडेवर २० किलो धरा. कड भिंतीपासून ५० सेंमी, आणि ब्रॅकेटची भिंतीवरची उंची २५ सेंमी. म्हणजे वरचे स्क्रू ४० किलोच्या जोराने बाहेर ओढले जाणार. त्यात मशीनची थरथर. ब्लॉक ठिसूळ असतो, भोक आतून झिजत जातं, प्लग सैल होतो आणि मग फळी पुढे झुकते.

भार जमिनीवर उतरवा. दारासारखे उघडणारे दोन पाय करा: प्रत्येकी २६ इंच उंच, १६ इंच रुंद, दीड इंची लाकडाची चौकट. भिंतीलगत दोन उभ्या पट्ट्या लावायच्या आणि चौकटी त्यांना बिजागऱ्यांनी जोडायच्या. या पट्ट्याही जमिनीवर टेकलेल्या हव्यात. फळीच्या दोन्ही टोकांपासून ३ इंच आत बसवल्या की मधे ३६ इंच राहतात. दोन्ही चौकटी आत वळवल्या तर ३२ इंचात मावतात, एकमेकींवर चढत नाहीत. उघडल्यावर गुडघ्यांनाही जागा मोकळी. भिंतीचे स्क्रू मग फक्त सांगाडा जागेवर धरतात.

फळीलाच दुमडते पाय लावायचा विचार करू नका. पाय २६ इंची, फळी २० इंच खोल. आडवा दुमडला तर सहा इंच बाहेर येतो.

काटकोन:
पायांशी सहमत. बिजागरीबद्दल मात्र नीट लक्ष द्या, चूक नेमकी तिथेच होते.

भिंतीवर वरच्या बाजूला ३ इंच पुढे येणारी आडवी पट्टी लागते, कारण दुमडलेल्या चौकटी फळीच्या मागे बसायच्या आहेत. पट्टी भिंतीला चिकटून लावली तर फळी सरळ लटकत नाही, तिरकी राहते. पट्टी आणि फळी यांच्यामधे ४० इंची पियानो बिजागरी (लांब, सलग पट्टीसारखी), खालच्या बाजूने. वरून लावली तर फळी खाली वळणारच नाही. प्लाय १८ मिमी, म्हणून बिजागरीचे स्क्रू १५ मिमीपेक्षा लांब नकोत, नाहीतर टोक सनमायका फोडून वर येतं.

प्लाय बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचा घ्या. पार्टिकल बोर्ड नको, त्यात कडेला स्क्रू धरत नाही आणि पावसाळ्यात कड फुगते. सनमायका दोन्ही बाजूंनी लावायला सांगा. खालची बाजू कोरी ठेवली की तीच ओल शोषते, वरची शोषत नाही, आणि फळीला बाक येतो. खाली स्वस्तातला चालेल. चारही कडांना पट्टी मारून घ्या, भिंतीकडची कडसुद्धा. ती दिसत नाही म्हणून सुतार हमखास सोडतात.

टीपबटण:
उंचीचं राहिलं. आणि स्क्रू किती लांब?

रंधापटाशी:
उंची मशीनवरून ठरवा: २७ इंच. मशीनचा पाट टेबलापासून साधारण ३ इंच वर असतो, त्यामुळे कापड सरकवणारे हात ३० इंचांवर जातात. त्याहून वर गेलं की खांदे उचलून शिवावं लागतं. लॅपटॉपला २७ इंच टंकण्यासाठी बरंच आहे. पडदा उचलायला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड. उलट केलं, म्हणजे लॅपटॉपसाठी ३० इंच ठेवलं, तर मशीन खाली घ्यायचा उपाय नाही. दुमडल्यावर खाली ७ इंच मोकळे राहतात, लादी पुसता येते.

भिंतीचे स्क्रू: उभी पट्टी २५ मिमी, गिलावा साधारण १५, त्यापुढे ब्लॉकमधे ५०. म्हणजे ९० मिमी. गिलाव्यातली पकड मोजायचीच नाही. एएसीसाठी वेगळे नायलॉन प्लग मिळतात ते घ्या, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा. ठोक्यांनी ब्लॉकची कड ढासळते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथून वायरचा पाइप जातो.

काटकोन:
चौकटींच्या तळाला फिरवून उंची बदलणारे बूट लावा. लादीला उतार असतो. एक पाय अर्धा सेंमी अधांतरी राहिला तरी मशीन चालवताना टेबल डुलतं. मशीनखाली ५ मिमी रबर मॅट घाला.